मांजर कुठे होतं?

१

परीक्षेच्या दिवशी बाईंनी टेबलाचा खण ओढला आणि तो रिकामा निघाला.

तो खण म्हणजे एक व्रात्य कार्टं आहे. दोन्ही हातांनी हिसका दिल्याशिवाय उघडत नाही, आणि हिसका दिला की अख्खं टेबल हादरतं. टेबलावर एक लाकडी खेळण्यातलं घर असतं. छप्पर, खिडकी, शिडी, विहीर, सगळं खिळ्यांनी पक्कं बसवलेलं. सुटं काय ते एक लाकडी मांजर. म्हणून खण उघडण्याआधी बाई ते मांजर उचलून बाजूला ठेवतात. आजही त्यांनी घर चाचपलं, छपरावरून बोटं खाली आली, विहिरीपाशी येऊन जराशी थांबली. मग मांजर उचलून त्यांनी खुर्चीवर ठेवलं आणि खण ओढला.

"माझा रेकॉर्डर इथे नाही," बाई म्हणाल्या. आवाज शांत होता, पण बोटं खणाचे कोपरे पुन्हा पुन्हा चाचपत होती.

आमचा इंग्रजीचा वर्ग चष्म्याच्या दुकानावर भरतो आणि शिकवणाऱ्या बाईंना जेमतेम उजेड-अंधार तेवढा कळतो. दिव्याखाली अंधार म्हणतात, आमच्याकडे तो वरच्या मजल्यावर आहे. हे मी एकदा बाईंसमोरच बोलले होते. बाई खळखळून हसल्या आणि तेच वाक्य मला इंग्रजीत करायला लावलं. तेव्हापासून मी विनोद जपून करते.

नजर गेल्यापासून बाई प्रश्नपत्रिका लिहीत नाहीत. परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळे प्रश्न स्वतःच्या आवाजात त्या छोट्या रेकॉर्डरमध्ये भरतात आणि तो खणात ठेवतात. 'इन' कुठे, 'ऑन' कुठे, 'ॲट' कुठे. बसच्या आत बसून 'ऑन द बस' का म्हणायचं. लग्न नवऱ्याबरोबर होत असताना 'मॅरिड टू' का. असल्या प्रश्नांनी माझ्यासारख्या कपडे शिवणाऱ्या बाईच्या डोक्याचं पार भरीत होतं. पण जावई परक्या देशातला केलाय लेकीने. त्याच्याशी आयुष्यभर नुसतं हसून भागणार नाही, म्हणून मी शिकते. वर्गात मला टेलरमावशी म्हणतात.

"कुणी घेतला असेल तर आत्ताच सांगा," बाई म्हणाल्या.

परीक्षेला बसणारे आम्ही सहाच जण होतो. सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. आणि तेवढ्यात बाहेरून, व्हरांड्यातल्या पिशव्यांच्या खुंट्यांकडून, बारीक आवाज आला.

टी... टी.

बॅटरी संपत आली की बाईंचा रेकॉर्डर असाच किरकिरतो. आम्ही सगळे उठून धावलो. आवाज पहिल्या खुंटीवरच्या निळ्या पिशवीतून येत होता, आणि ती पिशवी सिस्टरची होती.

२

सिस्टर म्हणजे हॉस्पिटलातली नर्स, आमच्या दुपारच्या तुकडीतली सगळ्यात गुणी मुलगी. रात्रपाळी करून तशीच परीक्षेला आली होती. तिचा नवरा आणि सहा वर्षांची लेक केव्हापासून परदेशात आहेत. तिलाही तिथल्या हॉस्पिटलात जागा मिळालीय, अट एकच: इंग्रजीचा दाखला. तो आज संध्याकाळपर्यंत तिकडे पोचला नाही तर जागा दुसरीला जाणार होती. लेक आता फोनवर फाडफाड इंग्रजी बोलते. "व्हेअर आर यू, मम्मा?" असं विचारते, पुढे आणखी बरंच बोलते, आणि ही नुसती "यस, यस" म्हणून फोन ठेवते. ठेवल्यावर कितीदा तरी तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलंय.

"मी नाही घेतला, बाई," ती म्हणाली. "आईशप्पथ नाही."

"काल वर्ग सुटल्यावर शेवटी कोण गेलं?" बाईंनी विचारलं.

सिस्टर म्हणाली, "मीच. कुलूप लावून किल्ली खालच्या दुकानाच्या दारामागे खिळ्याला अडकवली."

ती किल्ली तिथे असते हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पण शेवटची ती, पिशवी तिची, आणि गरज सगळ्यात मोठी तिलाच. बाई फार सरळ बाई आहेत, आणि सरळ माणसं रागावली की फार कठोर होतात.

"तू परीक्षेला बसणार नाहीस," त्या म्हणाल्या. "माझी सही चोराच्या दाखल्यावर होणार नाही. आजही नाही, पुढेही नाही."

सिस्टर भिंतीला टेकून मटकन खाली बसली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून खाकरण्याचा आवाज आला.

"बाई, परीक्षा चहानंतर घ्या. तोवर हे प्रकरण माझ्याकडे द्या."

हे आमचे फौजदार. पोलिसातून निवृत्त झाले आणि घरी बसून बायकोचीच उलटतपासणी घ्यायला लागले, तेव्हा काकूंनी कंटाळून त्यांना वर्गात घातलं. कमी ऐकू येतं म्हणून ते बाईंच्या अगदी पुढ्यात बसतात. त्यांचं नेहमीचं रडगाणं एकच: आयुष्यभर चोर पकडले, पण हा 'ॲट' काही हाती लागत नाही.

"पिशवीत सापडलं ना?" बाई म्हणाल्या. "आणखी काय शोधायचंय?"

"सापडलं म्हणूनच शोधायचंय. चोरलेली वस्तू उघड्या पिशवीत घालून कोण खुंटीला टांगतं?" फौजदारांनी रेकॉर्डर कानाशी धरला. "आणि याची बॅटरी का संपली?"

दुपारच्या तुकडीतली हॉटेलवाली चटकन म्हणाली, "अय्या, खरंच की! काल दुपारी मीच सेल घातले. नवेकोरे, सगळ्यांदेखत."

बाईंच्या कपाळावर आठी पडली.

"चहा होईपर्यंत," शेवटी त्या म्हणाल्या. "त्याच्यापुढे एक क्षणही नाही."

३

फौजदारांनी सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं आणि एकेकाला आत बोलवायला सुरुवात केली. बाई खुर्चीवर, मी बाकावर. "पंच म्हणून टेलरमावशी राहतील," ते म्हणाले, "त्यांचे डोळे सुईत दोरा ओवणारे आहेत." खुर्चीवरचं लाकडी मांजर त्यांनी स्वतःच्या खिशात टाकलं. आता खेळण्याशी कसला खेळ चाललाय यांचा, असं माझ्या मनात आलं.

त्या मांजराची गोष्ट सांगितलीच पाहिजे. प्रत्येक धड्याला बाई कुणाला तरी मांजर ठेवायला लावतात. आज छपरावर, उद्या शिडीखाली, परवा दारात. मग सगळ्यांनी ते कुठे आहे हे इंग्रजीत सांगायचं. पुढच्या धड्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो: गेल्या वेळी मांजर कुठे होतं? विसरलात तर उभं राहायचं, मग तुम्ही फौजदार असा नाहीतर आजी. त्यामुळे घरी गेलं, स्वयंपाक केला, दिवा मालवला, तरी ते मेलं मांजर डोळ्यांसमोरून हलत नाही. सकाळची तुकडी गेली की बाई मांजर उचलून घेतात, म्हणजे दुपारच्यांना सकाळचं कळत नाही. दुपारचं मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच राहतं.

हॉटेलवाली पहिली आली. पास झाली तर तिला हॉटेलच्या काउंटरवर बसायला मिळणार होतं, नाहीतर पुन्हा मागे चादरींच्या घड्या.

"काल संध्याकाळी कुठे होतीस?"

"घरी. सासूबाईंशी भांडत होते. शेजाऱ्यांना विचारा, गल्लीभर ऐकू गेलं असेल."

"बरं. जाता जाता एक काम कर." फौजदारांनी मांजर तिच्या हातावर ठेवलं. "तुझ्या शेवटच्या धड्याला हे जिथे होतं, तिथे ठेव बघू."

तिने न घुटमळता ते छपरावर ठेवलं. बरोबर होतं. काल दुपारी सिस्टरनेच ते छपरावर ठेवलं होतं आणि ते एकसारखं घसरतंय म्हणून आम्ही हसलो होतो.

मग सकाळच्या तुकडीतला गाईड आला. प्रवाशांना देवळं-किल्ले दाखवणारा हा पोरगा चुकीचं इंग्रजी बोलतो, पण बोलतो असं की साहेबालाच आपलं चुकतंय असं वाटावं.

"मी कशाला चोरू?" तो म्हणाला. "नापास झालो तरी माझं तोंड कोण बंद करणार? संध्याकाळी एकटाच नदीवर होतो. साक्षीदार नाही. आता घाला बेड्या."

"त्याआधी हे ठेवा."

गाईडने मांजर खिडकीत बसवलं. "काल सकाळी मीच ठेवलेलं. आम्ही सगळे होतो की, फक्त मॅनेजरसाहेब सोडून."

सिस्टर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. वर्गातून ती थेट हॉस्पिटलात गेली होती. रात्रभर अतिदक्षता विभागात, जिथे फोनसुद्धा बाहेर ठेवावा लागतो. तिने मांजर हातात घेतलं आणि तिचा बांध फुटला.

"फौजदारकाका, माझी पोर मला विसरेल हो," ती म्हणाली. "आत्ताच ती माझ्याशी बोलताना वैतागते."

फौजदारांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण मांजर ठेवायला लावलंच. तिने ते छपरावर ठेवलं, आणि घसरू नये म्हणून हलकेच दाबून बसवलं.

शेवटी मॅनेजर आले. बर्फाच्या गोदामाचे मॅनेजर, सकाळच्या तुकडीतले. शर्टाची इस्त्री कधी मोडत नाही. या परीक्षेला दोनदा नापास झालेले, ही तिसरी खेप.

"माझा यात संबंधच येत नाही," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "मी काल आलोच नव्हतो. गोदामातलं मशीन बंद पडलं होतं, दिवसभर तिकडेच होतो. कुणालाही विचारा."

"म्हणजे कालच्या धड्याला नव्हता."

"सांगितलं ना! या जिन्याची पायरी काल चढलो नाही मी."

"मग प्रश्नच मिटला," फौजदार म्हणाले. "तेवढं मांजर ठेवा आणि चहा घ्या. तुमच्या शेवटच्या धड्याला कुठे होतं ते?"

मॅनेजर जरा हसले, सुटल्यासारखे. मांजर घेतलं, घराभोवती हात फिरवला आणि ते विहिरीपाशी ठेवलं, भिंतीकडे शेपूट करून.

मी चहाची कपबशी बाकावर ठेवली आणि बाईंच्या बोटांकडे पाहिलं.

४

"सगळ्यांना आत बोलवा," फौजदार म्हणाले.

सगळे आले. सिस्टर दारातच उभी राहिली. बाईंनी हात पुढे करून घर चाचपलं, आणि विहिरीपाशी त्यांची बोटं पुन्हा थांबली, सकाळी थांबली होती तशीच.

"बाई, आज सकाळी मांजर कुठे मिळालं तुम्हाला?"

"इथेच," बाई म्हणाल्या. "विहिरीपाशी. मला वाटलं, छपरावरून घसरून पडलं असेल."

"घसरलेलं मांजर असं चार पायांवर नीट उभं राहील? भिंतीकडे शेपूट करून? मी समोरच बसलो होतो, पाहिलंय मी." फौजदार टेबलाच्या कडेवर टेकले. "काल अंधार पडताना कुणीतरी किल्ली घेऊन वर आलं. रस्त्यावरून दिसू नये म्हणून दिवा लावला नाही. खणाला हिसका दिला. टेबल हादरलं, मांजर खाली पडलं. आता बाहेरचा चोर असता तर त्याने मांजराकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण हा आपल्यातला होता. बाईंची बोटं रोज ते मांजर शोधतात हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने ते उचलून, घाईत स्वतःला आठवलेल्या जागेवर ठेवलं."

"मग छपरावर ठेवायला हवं होतं," हॉटेलवाली म्हणाली.

"दुपारच्या कुणीही छपरावरच ठेवलं असतं. तू, सिस्टर, मावशी, मी. काल सकाळच्या धड्याला असलेल्याने खिडकीत ठेवलं असतं. विहिरीपाशी ते होतं परवा सकाळी, सकाळच्या तुकडीतल्यांना विचारा. परवाचं ज्याच्या डोक्यात शेवटचं आहे, म्हणजे जो काल आलाच नव्हता, अशा माणसाने ते ठेवलंय."

सगळ्यांच्या माना वळल्या. मॅनेजरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता, पण आवाज चढा होता.

"हा काय पुरावा झाला? एका खेळण्यावरून अब्रू घेणार माझी? मी नव्हतो म्हणून मीच चोर, हा कुठला न्याय?"

"तीनदा सांगितलंत तुम्ही नव्हतो म्हणून. मी तेव्हाच कान टवकारले, आणि मला कमी ऐकू येतं," फौजदार म्हणाले. "रेकॉर्डर रात्रभर चालू होता, म्हणून नवे सेल संपले. सिस्टर रात्रभर अशा ठिकाणी होती की जिथे फोनही नेता येत नाही. तुम्ही सकाळी लवकर आलात ते परत ठेवायला. पण परीक्षा म्हणून बाई तुमच्याही आधी येऊन बसल्या होत्या. व्हरांड्यात तेव्हा एकच पिशवी होती."

"खोटं आहे!"

फौजदार बाजूला सरकले. बोलल्या त्या बाई.

"मॅनेजर," त्या हळूच म्हणाल्या, "मला तुमचा चेहरा दिसत नाही. आवाज कळतो. माझ्यासमोर येऊन एकदाच म्हणा, मी घेतला नाही. मी विश्वास ठेवीन."

मॅनेजर पुढे आले. तोंड उघडलं, मिटलं. मग ते पहिल्या बाकावर बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकलं.

५

"पोरगा माझ्या इंग्रजीची नक्कल करतो," ते म्हणाले. "मित्र आले की मला बोलायला लावतो आणि सगळे हसतात. तिसऱ्यांदा नापास झालो असतो तर घरात तोंड दाखवायची सोय नव्हती. नुसतं ऐकून परत ठेवणार होतो. ऐकता ऐकता डोळा लागला, ते रात्रभर चालूच राहिलं."

मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला. कारण भिंतीपाशी ती पोरगी मटकन बसली तेव्हा हा माणूस तिच्यापासून दोन हात अंतरावर गप्प उभा होता.

त्यालाही ते कळलं असावं. तो उठून सिस्टरसमोर गेला.

"आय ॲम सॉरी, सिस्टर. आय ॲम व्हेरी..."

"आपल्या भाषेत सांगा," सिस्टर म्हणाली. "ती मला नीट कळते."

मॅनेजर थांबले. इंग्रजीत पटकन आलेलं आपल्या भाषेत जड गेलं. मग ते म्हणाले, "चुकलो. पिशवी कुणाची ते टाकताना पाहिलं नव्हतं. नंतर पाहिलं. तुम्ही रडत होतात, आणि मी गप्प बसलो."

"हो," सिस्टर म्हणाली. "रेकॉर्डर चोरल्याचं मला काही नाही. गप्प बसलात, ते मी विसरणार नाही."

मॅनेजर जिना उतरून गेले. त्यांना कुणी थांबवलं नाही. बाई उठल्या, चाचपत सिस्टरपर्यंत आल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

"मी तर न ऐकताच निकाल दिला," त्या म्हणाल्या. "माझंही चुकलं, बाळ. बैस. पहिली तूच."

रेकॉर्डरमधले प्रश्न आता बाद होते. बाईंनी तोंडीच परीक्षा घेतली, समोर ते घर आणि मांजर. मग बाईंनी मांजर शिडीखाली ठेवलं, दारात ठेवलं, खिडकीत ठेवलं, आणि ती उत्तरं देत गेली. रात्रभर जागलेली आणि सकाळभर रडलेली ती पोर एकदाही अडखळली नाही. बाईंनी तिथेच सही केली. गाईड त्याच्या पद्धतीने पास झाला, हॉटेलवालीही झाली. मी काठावर. ज्या मांजराने चोर पकडून दिला, ते छपरावर असताना फौजदारांनी छातीठोकपणे सांगितलं, "द कॅट इज ॲट द रूफ," आणि ते नापास झाले.

दाखल्याचा फोटो तिकडच्या हॉस्पिटलला धाडून सिस्टर व्हरांड्यात उभी होती, तेव्हा तिचा फोन वाजला. मी आणि फौजदार जिन्यात होतो. लेकीचा आवाज मलाही ऐकू आला.

"व्हेअर आर यू, मम्मा?"

सिस्टरने डोळे पुसले. या वेळी ती यस, यस म्हणाली नाही.

"ऑन द वे, पिल्लू," ती म्हणाली. "मम्मा इज ऑन द वे."

फौजदार माझ्या कानाशी कुजबुजले, "ऑन का? इन द वे का नाही?"

"गप्प बसा हो जरा," मी म्हटलं, आणि पदराने डोळे टिपले.